एकविसावी मूठ

२२ जुलै २०२४, सोमवार

बाबुराव म्हणाले, "तारीख-वार घालून लिहीत जा. कोर्टात तोंडाला किंमत नसते, कागदाला असते." बाबुराव उधन्याला राहतात. तीस वर्षं युनियनची कामं करून आता घरी बसलेत, पण तोंड अजून रिटायर झालेलं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून ही वही आणली.

मी हेमराज. पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये स्टेंटरवर आहे. ओलं कापड ताणून वाळवायचं ते मशीन. जन्म सुरतेतला, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. सातवीपर्यंत पालिकेच्या मराठी शाळेत आणि पुढं दहावीपर्यंत गुजरातीत शिकलो, त्यामुळं दोन्ही वाचता-लिहिता येतं. मिलमध्ये नोटीस लागली की माणसं मलाच शोधत येतात. रुबाब आहे तो.

आता मुद्दा. गुरुवारी माझा चुलतभाऊ गजेंद्र वाफेच्या पाइपनं भाजला. उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. दवाखान्यात कामाचं ठिकाण विचारलं. मिलच्या साहेबानं फोनवर सांगितलं, "हा आमचा माणूस नाही." गजेंद्र त्या मिलमध्ये नऊ वर्षं आहे! पण दाखवायला कार्ड नाही, पावती नाही, काही नाही. आम्ही सगळे ठेकेदाराची माणसं, आणि ठेकेदार म्हणजे आमचेच बन्सीलाल आप्पा, माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. गावाकडून एकेकाला धरून त्यांनीच इथं लावलं. आप्पा दवाखान्यात आले, गजेंद्रच्या डोक्यावरून हात फिरवला, रडले. ते तरी काय करणार बिचारे.

आम्हाला कार्ड पाहिजे. मिलचं नाव असलेलं. बस.

२८ जुलै, रविवार

बाबुरावांकडे गेलो. त्यांनी हिशेब सांगितला. युनियन रजिस्टर करायला मिलमधल्या दहा टक्के कामगारांची नावं लागतात. दोन्ही पाळ्या मिळून आम्ही एकशे ऐंशी. म्हणजे अठरा. योग बघा, आप्पांच्या हाताखाली आमच्या भाऊबंदकीतले बरोबर अठरा आहेत, मला धरून.

"एखादा जादा घ्या," बाबुराव म्हणाले. "ऐनवेळी एक तरी गळतो. आणि अर्ज आत जाईपर्यंत नाव बाहेर जाता कामा नये. एकदा अर्ज गेला, तंटा नोंदला, की मग शेठला हात लावायला अवघड. त्याआधी तुम्ही नागडे आहात. तो तुमचा ठेकेदार काय म्हणतो?"

मी म्हणालो, "आप्पा घरचे आहेत."

"म्हणून तर विचारलं."

म्हाताऱ्याला सगळीकडं सापच दिसतात. जन्मभर भांडून माणूस असा होत असावा.

खरी अडचण वेगळीच. सही कोणी करेना. तोंडानं सगळे वाघ आहेत. गजेंद्र तर डाव्या हातानं मिल पेटवायला निघालाय. कागद पुढं केला की एकाला बायकोला विचारायचं असतं, दुसऱ्याचा चष्मा घरी असतो. अठरा वाघ आणि एका पेनाला घाबरतात.

१ ऑगस्ट, गुरुवार

मशीनवर उभा असताना डोक्यात आलं. कानबाई!

आमच्या खानदेशी घरांत श्रावणात कानबाई बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढतात, नाव घेऊन. त्याच पिठाचा रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा. ज्याची मूठ त्यात पडली त्यानं दगा केला तर कानबाई त्याचं घर ठेवत नाही, असं माझी आई लहानपणापासून सांगते. कोर्टाचा शिक्का एकीकडं आणि ही मूठ एकीकडं.

दरवर्षी जो तो आपल्या घरी मुठी काढतो. यंदा अठराही जणांच्या मुठी आमच्या घरी, एकाच सुपात. मूठ पडली की तो बांधला. मग सही काय, अंगठासुद्धा देईल. बाबुरावांना सांगितलं नाही. ते देव मानत नाहीत.

४ ऑगस्ट, रविवार

एकोणिसावा मिळाला. किसन. जेट मशीनवर आहे, म्हणजे जिथं कापड रंगात उकळतं तिथं, दुसऱ्या ठेकेदाराकडं. परभणी जिल्ह्यातला, जिंतूरकडचा. आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत बायको मंदा आणि दोन मुलींबरोबर राहतो. माझा धाकटा भाऊ हिरामण त्याच्याच जोडीला होता, पण लावलेला आप्पांनीच. हिरामण पंधरा दिवसांपूर्वी हजीऱ्याला चांगल्या कामावर लागला. आप्पांना न विचारता गेला म्हणून ते चिडतील, तेव्हा आम्ही त्यांना सांगितलंय की तो गावी आजारी पडलाय. खरं फक्त घरात माहीत, आणि किसनला. जाताना हिरामणनं त्याला आपले गमबूट दिले.

किसन लगेच हो म्हणाला. पण मुठीचं ऐकून कचरला.

"भाऊ, देवाचं ठीक हाय. पण नावं मोठ्यानं घ्यायलेत म्हणं. कागदावर लिहून कुलपात ठेवलेलं बरं नाही का? चार माणसं ऐकतेत."

"घरचीच माणसं आहेत."

"माझं काय, मी येतो की," तो म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण किसन तसा वाटत नाही. नंतर आठवायला नको म्हणून लिहून ठेवतो.

१० ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस मोठा. जमलं!

आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माणूस मावेना. आईनं, म्हणजे मंगलाबाईंनी, नऊवारी नेसून सूप मांडलं. उज्ज्वला, माझी बायको, गव्हाचं पातेलं धरून बसली. बन्सीलाल आप्पा खाटेवर. भाऊबंदकीतला वडील माणूस आता तेच, त्यांच्याशिवाय रोट कसा होईल? पहिली मूठ त्यांची. मग माझी, मग गजेंद्रची, मग ओळीनं सगळे. आई नाव घेई आणि सव्वा मूठ सुपात टाकी. ज्याचं नाव निघे तो सुपाला हात लावून कपाळाला लावी. मुठीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला छाती फुटते की काय असं झालं.

आप्पांनंतर आम्ही अठरा झाल्यावर आईनं हिरामणचं नाव घेतलं. मी खुणावलं, नको. ती म्हणाली, "पोटना पोऱ्याले सोडी दिऊ का मी?" घातली त्याचीही.

शेवटची किसनची. तो उंबऱ्याबाहेर उभा होता. आईला त्याचं आडनाव माहीत नाही, तिनं "किसन जिंतूरवाला" म्हणून मूठ टाकली. आप्पांनी मान वर केली.

"हाऊ जिंतूरवाला कोन शे रे, हेमराज?"

"आपल्या कामातला आहे, आप्पा."

आप्पा हसले. "आन यंदा बठ्ठास्न्या मुठी एकच घरमा? नेता व्हयी गया का रे भो तू?"

मी खाली बघितलं. आप्पांना सगळं उमगलं होतं, आणि उमगूनही ते उठून गेले नाहीत. बोटांवर जप करत शेवटपर्यंत बसले. मनानं ते आपल्याच बाजूचे आहेत, हे मला आज कळलं. बाबुरावांना दाखवायला पाहिजे होतं.

११ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. रोट झाला. आमच्या घराण्यात पहिला घास वडील माणसाला घरच्या थोरल्या मुलानं भरवायचा असतो. मी आप्पांना भरवला. त्यांनी माझी बोटं धरून ठेवली.

किसनचा एक प्रश्न झाला. रोट भाऊबंदांचाच, परक्याला चालत नाही, लग्न झालेल्या मुलीलासुद्धा देत नाहीत. आई ऐकेना. उज्ज्वलानं त्याला पायरीवर वरणभात वाढला. तो हसत म्हणाला, "मूठ आत अन् माणूस बाहेर, झालं." चांगला आहे तसा. वाईट वाटून घेतलं नाही. रात्री एकोणीसही सह्या झाल्या, उद्या कागद बाबुरावांकडं.

१४ ऑगस्ट, बुधवार



सकाळी सातच्या पाळीला गेटवर वॉचमननं अडवलं. हातात कागद. "जिसका नाम बोलूँ, वो साइड में।" पहिलं नाव माझं. मग गजेंद्र. मग ओळीनं एकेक. मी ऐकत होतो. अर्ज अजून बाबुरावांच्या पिशवीतच होता! अठरा नावं झाली. मग वॉचमन म्हणाला, "हिरामण." आमच्यातला एक जण हसला, त्याला हसूच आवरेना. हिरामण कुठं आहे इथं? आणि शेवटी, "किसन जिंतूरवाला."

वीस नावं. आत घेणार नाही, काम नाही, जा.

गेटसमोर दुपारपर्यंत बसलो. शेठची गाडी बाहेर पडली, काच खाली झाली नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आप्पा घरी आले. त्यांचाही चेहरा उतरलेला. शेठनं त्यांना फार बोलून घेतलं म्हणे, अठरा माणसं एकदम गेल्यावर ठेका राहतो की जातो अशी गत. "कोनी तरी नावं पोचाडात," ते म्हणाले. मी विचारलं, कोणी? आप्पांनी डोळे मिटले. "मी कोननंच नाव लेत नही. पन एक सांगस. ज्यानी रोट खादा तो फुटस का कधी?"

एवढंच बोलले आणि पाणीही न घेता गेले. कोणावर आळ घ्यायचा नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण मला बुद्धी आहे. एकोणिसांतल्या कोणी रोट खाल्ला नव्हता? एकच.

उज्ज्वला भांडी घासता घासता म्हणाली, "किसनभाऊंना तर माहीत होतं हिरामणभाऊजी हजीऱ्याला गेलेत. मग ते त्यांचं नाव कशाला देतील?"

मी म्हणालो, "मुद्दाम. संशय घरच्यांवर यावा म्हणून."

"आणि कुंपणानंच शेत खाल्लं असेल तर?"

तिला गप्प बस म्हणालो. जरा जोरात म्हणालो. बायकांना भाऊबंदकी कळत नाही, त्या परक्या घरातून आलेल्या असतात.

१८ ऑगस्ट, रविवार

अठरा जण बसलो. मीच सगळं मांडलं: मूठ नको म्हणणारा तो, नावं घेऊ नका म्हणणारा तो, रोट न खाल्लेला तो. मांडता मांडता मलाच पटत गेलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. चार दिवस सगळे माझ्याकडं बघत होते. त्यांच्या मुठी माझ्या घरात पडल्या होत्या.

किसनला बोलावलं. तो उभाच राहिला. म्हणाला, "भाऊ, माझी मूठ पण त्यातच होती की. माझंबी काम गेलंय." गजेंद्र उठला आणि त्यानं डाव्या हातानं त्याच्या तोंडात मारली. मग बाकीच्यांनी. मी मारलं नाही. मी थांबवलंही नाही. उगाच खोटं का लिहू.

किसननं हात उचलला नाही. पडलेली चप्पल शोधून पायात घातली आणि गेला.

२६ ऑगस्ट, सोमवार

ठराव असा: किसनशी कोणी बोलायचं नाही. चाळीच्या नळावर त्याच्या घरचा हंडा लावू द्यायचा नाही. त्याचा फोटो आम्ही मोबाईलच्या ग्रुपवर टाकला, "हा फुटीर आहे, याला कामावर घेऊ नये." फोटो फिरत फिरत पांडेसऱ्यातल्या मिलांत माणसं घेणाऱ्या मास्तर लोकांपर्यंत पोचला. दोन मिलच्या गेटवरून त्याला परत पाठवलं असं कळलं. एकीचं बळ म्हणतात ते हे. शेठपुढं नाही चाललं, इथं तरी चाललं.

मंदा रोज सकाळी दोन मुलींना घेऊन पलीकडच्या सोसायटीतून पाणी आणते. आज तिचा हंडा गजेंद्रच्या बायकोनं, पल्लवीनं, पायानं लवंडला. सगळे हसले. उज्ज्वला हसली नाही. तिनं आपला भरलेला हंडा तिच्या दारात नेऊन ठेवला. घरी आल्यावर आमचं भांडण झालं.

९ सप्टेंबर, सोमवार

लेबर ऑफिसात पहिली तारीख. बाबुरावांनी एकोणीस जणांच्या नावानं तंटा घातलाय. हिरामणचं नाव अर्थात नाही. साहेब भला वाटला, सगळं ऐकून घेतलं. मिलचा वकील म्हणाला, ही आमची माणसंच नाहीत. बाबुराव म्हणाले, मग तुमच्या गेटवर यांच्या नावांची यादी कशी? वकील फायलीत तोंड घालून बसला. मजा आली.

बाहेर चहा पिताना बाबुराव म्हणाले, "तो एकोणिसावा कुठाय?"

मी सगळं सांगितलं. मूठ, रोट, यादी. म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली. "मोठ्यानं नावं घेतली? ठेकेदारासमोर?"

"आप्पांनी स्वतः रोट खाल्ला, बाबुराव."

त्यांनी चहाचे पैसे दिले. मग म्हणाले, "किसनला पुढच्या तारखेला घेऊन ये. एकोणीस म्हणजे एकोणीस. मालकाला एक बोट दिलंस की तो हात मागतो." मी हो म्हणालो.

२९ सप्टेंबर, रविवार

दिवाळीचा माल अंगावर आलाय आणि मिलला माणसं कमी पडतायत. आप्पा निरोप घेऊन आले. शेठ अठरा जणांना परत घ्यायला तयार आहे. कार्डसुद्धा देणार! फक्त दोन गोष्टी. युनियनचा अर्ज करायचा नाही. आणि अठराच. एकोणिसावा आप्पांचा माणूस नाही, त्याला ते कशाला परत लावतील? त्याचा कागद आम्हीच आणून द्यायचा, की त्यानं मर्जीनं काम सोडलं. तंट्यात एकही नाव लोंबकळत राहिलं तर शेठ सही करणार नाही.

अठरा घरं सहा आठवडे बसून आहेत. दोघांची गावी जायची तयारी झालीय. आणि एकीकडं एक माणूस, तोही फुटीर. यात विचार करण्यासारखं काय आहे?

तरी दिवसभर विचारच केला.

६ ऑक्टोबर, रविवार

राजीनामा मीच लिहिला, गुजरातीत. सुंदर अक्षर आहे माझं.

किसनच्या खोलीत गेलो. दीड महिन्यात त्या घरात पहिल्यांदा कोणी पाऊल टाकलं असेल. मंदा लगबगीनं उठली, चादर झटकली. किसन वाळलाय. ओठावरची खूण अजून आहे. मला बघून त्याचे डोळे भरून आले.

"मला माहीत होतं भाऊ, तुम्ही येताल. तुम्हाला समजंल एक दिवस."

मी म्हणालो, "झालं गेलं सोड. तडजोड होतेय. ही सही कर."

त्यानं कागद उलटसुलट बघितला. "ही अक्षरं बोडकी दिसायलीत. वर रेघच न्हाई. काय लिवलंय?"

"कार्डाचा अर्ज आहे."

दोन शब्द. अडखळलो नाही. मला वाटलं होतं अडखळेन.

त्यानं सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आणि मोबाईल नंबर. मग म्हणाला, "एक झेरॉक्स द्या ना भाऊ. जवळ ठेवतो. कुणी विचारलं तर दाखवाया." नाही कसं म्हणणार? कोपऱ्यावरच्या दुकानातून काढून आणून दिली. मंदानं कोरा चहा केला होता. मी तो उभ्यानं प्यालो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तडजोडीवर सह्या झाल्या. जिंकलो!

बाबुरावांनी किसनचा कागद वाचला. "त्यानं वाचून सही केली?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी मग कार्डाचा नमुना बघितला. वर मिलचं नाव नव्हतं, आप्पांच्या फर्मचं होतं. "कार्ड मिळालं आणि मालक हरवला," ते म्हणाले. "आता तुम्ही कायमचे मिलचे नाहीत. हे तुम्ही स्वतः सही करून दिलंत." आणि पिशवी काखेला मारून निघून गेले. 

मानी माणूस, त्यांच्या पद्धतीनं झालं नाही म्हणून राग. कार्ड ते कार्ड. गळ्यात घालून आरशात बघितलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी गेटवर किसनही आला होता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, पायात हिरामणचे गमबूट, डब्याची पिशवी. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? ते माझं काम होतं.

वॉचमननं अठरा नावं घेतली. आम्ही एकेक आत गेलो. किसन पुढं सरकून म्हणाला, "भैया, मेरा भी फॉरम भरा है, ये देखो," आणि खिशातून ती झेरॉक्स काढली. वॉचमनला गुजराती वाचता येत नव्हतं. त्यानं हातानं बाजूला केलं.

किसननं फाटकाच्या गजांतून मला हाक मारली. "हेमराजभाऊ! माझं राहिलं बघा! सांगा ना यांना!"

मशीनचा आवाज मोठा होता. ऐकू आलं नाही असं केलं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. कोर्ट नाही, तंटा नाही, लिहायचं कशाला. किसननं खोली सोडली, भेस्तानच्या पुढं कुठंतरी झोपडीत राहतो. पडेल ते काम करतो म्हणे. भेटला होता एकदा बाजारात. त्यानंच हाक मारली. "भाऊ, कार्डाचं काही कळलं का?" मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे. त्यानं तो कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतलाय. छातीवरच्या खिशाला हात लावून दाखवलं.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी दवाखान्यातून फोन आला. एका मिलच्या सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईला तीन माणसं उतरली होती. दोन वाचली. तिसऱ्याच्या खिशात एक कागद सापडला, त्यावर हा नंबर आहे, ओळखायला या.

मी गेलो. गमबूट आधी ओळखले.

मिल म्हणते आमचा माणूस नाही. ज्यानं उतरवलं तो फोन बंद करून पळालाय. किसनकडं कार्ड नाही. पोलिसांनी विचारलं, हा कामाला कुठं होता, काही पुरावा? मंदा भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम उठली. "हाय ना! कागद हाय! युनियनचा हाय. ते म्हणायचे, मला काही झालं तर हा कागद हेमराजभाऊला दाखव, ते बघतील."

वॉर्डातल्या माणसानं प्लॅस्टिक पुसून मोठ्यानं वाचलं. गुजरातीत वाचलं आणि मग हिंदीत सांगितलं: मी माझ्या मर्जीनं काम सोडत आहे, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

मंदाला आधी कळलंच नाही. ती माझ्याकडं वळली. "भाऊ, हा कार्डाचा अर्ज हाय ना? यांना वाचता येईना झालंय. तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं, वहिनी, बाहेर चला.

२७ एप्रिल, रविवार

मंदा गुरुवारी मुलींना घेऊन जिंतूरला गेली. उज्ज्वला स्टेशनवर पोचवायला गेली होती. मला म्हणाली नाही, चला. परत आल्यावर तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि सोडून दिलं. तेव्हापासून जेवायला वाढते, बोलत नाही.

मी आईला म्हणालो, किसननं दगा केला होता, कानबाईनं शिक्षा दिली. आई म्हणाली, "हां, देवी दखसच ना." बरं वाटलं ऐकून. दोन दिवस तरी वाटलं.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

यंदाही मुठी आमच्याच घरी. आता ती पद्धतच पडली. आप्पांचा ठेका मोठा झालाय, जेट मशीनही आता त्यांच्याकडं आहेत. खाटेवर तेच बसले होते. उज्ज्वला पातेलं धरून. आईनं नावं घेतली: आप्पा, मी, गजेंद्र, मग सगळे, मग हिरामण. तो हजीऱ्याला आहे हे आता आप्पांनाही माहीत आहे, त्यावरून थट्टा झाली. हिरामणची मूठ टाकून आईनं सवयीनं आणखी एक मूठ उचलली आणि हात तसाच राहिला.

आप्पा खाटेवरून म्हणाले, "राहू दे वहिनी. वीसच झायात. गये सालले एकवीस व्हत्यात, मी बोटवर मोजेल शेतस. पहिली मनी, आन शेवटली त्या जिंतूरवालानी. त्याना आदलनी हिरामणनी." आणि बोटं उघडून दाखवली, जप करताना धरतात तशी.

खोलीत कोणाला काही वाटलं नाही. गजेंद्र पंखा कमी-जास्त करत होता.

गेटवरची यादी मला पाठ आहे. वर्षभर पाठ आहे. आप्पांची मूठ सोडली की तीच, त्याच ओळीनं. हिरामणसुद्धा तिथंच, किसनच्या आधी. आणि जिंतूरवाला. त्याचं आडनाव मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. जिंतूरवाला त्याला फक्त माझ्या आईनं म्हटलं होतं, आयुष्यात एकदा, या खोलीत.

उज्ज्वला माझ्याकडं बघत होती. तिला नवीन काही कळलेलं नव्हतं.

आईनं उचललेली मूठ परत पातेल्यात सोडली. काही दाणे खाली सांडले, ते मी वेचले.

बाबुराव म्हणाले होते, कागदाला किंमत असते. म्हणून यापुढचं लिहीत नाही. गळ्यात कार्ड आहे, त्यावर आप्पांचं नाव आहे. उद्या रोट आहे. पहिला घास मी भरवायचा असतो.

३ ऑगस्ट, रविवार

भरवला.